गर्जनादेवाची वेल आणि मधुमेहाची किडनी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्या आठवणीत बोलायचं तर एखाद्या रेणूविषयी बोलावं, असं मनात आलं. माझं रोजचं काम किडनीच्या रुग्णांमध्ये. म्हणून आजचा विषय असा निवडला: मधुमेहानं निकामी होत जाणारी किडनी आणि ती वाचवण्यासाठी चीनच्या परंपरागत औषधींमधून शोधली जाणारी वनस्पतींतली द्रव्यं. विषय चीनचा असला तरी प्रश्न आपल्या ओपीडीत रोज येतो. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, रुग्ण उठला, की सोबत आलेली सून किंवा मुलगा हळूच विचारतो, "डॉक्टर, या गोळ्या चालू ठेवूच, पण जोडीला एखादं झाडपाल्याचं दिलं तर चालेल ना?" या प्रश्नामागे भीती असते डायलिसिसची. त्याला वरवरचं उत्तर देणं मला पाप वाटतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

आधी किडनीत काय घडतं ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. त्यांच्यातल्या साधारण तिघांपैकी एकाच्या किडनीला पुढेमागे झळ पोहोचते. एका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. रक्तातली साखर वाढलेली राहिली की सुरुवातीला या गाळण्या नेहमीपेक्षा जास्त काम करू लागतात, कारण त्यांच्या आतला दाब वाढलेला असतो. माणसाला काहीही जाणवत नाही. क्रिएटिनिनचा रिपोर्टही छान येतो. मग गाळणीचा पडदा जाड होतो. त्याला बाहेरून पाय पसरून धरून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी एकेक करून गळून पडतात, आणि त्या सहसा पुन्हा तयार होत नाहीत. अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागतं. लघवीला फेस येतो, पायांवर सूज दिसते. शेवटी गाळण्यांच्या जागी घट्ट, निर्जीव तंतू भरतात. किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ साली मधुमेह्यांच्या गाळण्यांमधल्या गाठींचं वर्णन केलं, तेव्हापासून हे चित्र आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचं आहे.

या आजारात आज आपल्या हातात खरीखुरी औषधं आहेत. लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी किडनीचा ऱ्हास मंदावतो हे २००१ साली मोठ्या चाचण्यांमध्ये सिद्ध झालं. त्यानंतर जवळपास दोन दशकं फारसं नवं काही हाती लागलं नाही. मग २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी आली. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले ४,४०१ रुग्ण तीत होते. औषधाच्या गटात किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

आता या ग्लिफ्लोझिन गोळ्यांचं मूळ पाहा. १८३५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं काढलं. १८८६ साली फॉन मेरिंग यांनी दाखवलं की हे द्रव्य दिलं की लघवीतून साखर जाऊ लागते. पण फ्लोरिझिन तोंडानं दिलं तर आतड्यातच त्याचे तुकडे होतात. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षं ते प्रयोगशाळेतलं एक साधन म्हणूनच राहिलं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतला साखरेचा सांधा बदलला. ऑक्सिजनमधून जोडलेली साखर सरळ कार्बनला जोडली. आतड्यातली विकरं तो सांधा तोडू शकत नाहीत. मुख्यतः या बदलातून आजची गोळी जन्मली. सर असते तर त्यांनी हा सांधा फळ्यावर काढून दाखवला असता. म्हणून झाडाच्या सालीतून किडनीचं औषध निघू शकतं का, या प्रश्नाचं उत्तर निःसंदिग्ध "हो" असं आहे. ते कसं निघतं आणि वाटेत काय काय करावं लागतं, हा खरा विषय आहे.

चीनकडे वळू. तिथे एक वेल आहे. तिचं नाव लेइगोंगतेंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय. शेतकरी ती किडे मारायला वापरत. तिची पानं पोटात गेली तर माणूस दगावू शकतो, आणि तिच्या फुलांवरच्या मधानंही विषबाधा झाल्याची नोंद आहे. औषधासाठी मुळावरची विषारी साल काढून आतला गाभा घेतात. सांधेदुखीत तिचा उपयोग होत असे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नानजिंगच्या जिनलिंग रुग्णालयातले किडनीतज्ज्ञ ली लेइशी यांनी ती किडनीच्या दाहात वापरायला सुरुवात केली, आणि रुग्णांच्या लघवीतली प्रथिनं कमी होताना दिसली. त्याआधी, १९७२ साली, अमेरिकेत कुपचान यांच्या गटानं याच वेलीतून ट्रिप्टोलाइड नावाचा रेणू वेगळा काढलेला होता. त्यांचा शोध कर्करोगाच्या औषधासाठी चालला होता. पुढे कळलं की हा रेणू पेशीच्या जनुकवाचनाच्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि वाचनच थांबवतो. दाह पसरवणाऱ्या पेशी त्यामुळे गप्प होतात. पोडोसाइटचा सांगाडाही सावरला जातो, असं प्रयोगशाळेत दिसतं.

मधुमेही किडनीसाठी या वेलीच्या अर्काची एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ६५ रुग्ण, सहा महिने. एका गटाला वेलीचा अर्क, दुसऱ्याला लोसार्टनच्याच गटातलं वाल्सार्टन. अर्काच्या गटात लघवीतून जाणारं प्रथिन दिवसाला साधारण ५ ग्रॅमवरून ३ ग्रॅमवर आलं. आकडा लक्ष वेधणारा आहे. पण जो रेणू जनुकवाचन थांबवतो, त्याला दाहाच्या पेशी कोणत्या आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी कोणत्या, हा भेद कळत नाही. या औषधानं पुरुषांमध्ये शुक्राणू घटतात, स्त्रियांची पाळी बंद होते, यकृताला इजा होते, पांढऱ्या पेशी कमी होतात. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यामधलं अंतर फार थोडं आहे. शिवाय किडनी आधीच थकलेली असेल तर हिशेब आणखी अवघड होतो. चीनमधले जाणते डॉक्टर म्हणूनच हे औषध जपून, रक्ताच्या तपासण्या करत देतात. आपल्याकडे कोणी इंटरनेटवरून ते मागवून घरी घेत असेल, तर त्यानं ते आजच बंद करावं आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावं. इतक्या स्पष्ट शब्दांत मी हे सांगते, कारण वनस्पती म्हणजे सौम्य हा समज या एका वेलीनं पुरता खोडून काढला आहे.

दुसरी वनस्पती आपल्याला जवळची आहे. चिनी लोक तिला दाहुआंग म्हणतात. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात तिची हिमालयातली बहीण रेवाचिनी म्हणून मिळते. जुन्या चिनी वैद्यकात ती जुलाबासाठी वापरत, आणि किडनी निकामी झालेल्यांना तिच्या काढ्याची बस्ती देण्याची पद्धत तिथल्या रुग्णालयांत रूढ झाली. तिच्यात ऱ्हाइन नावाचं द्रव्य असतं. नानजिंगच्याच गटानं मधुमेही उंदरांवर ते वापरून लघवीतलं अल्ब्युमिन आणि गाळण्यांमधले तंतू कमी झाल्याचं दाखवलं. गुडघेदुखीसाठी डायसेरीन नावाची गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. ती शरीरात गेल्यावर तिचं ऱ्हाइनच होतं. म्हणजे हा रेणू आपल्या हजारो आजी-आजोबांच्या पोटात रोज जातो आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेहही आहे. त्यांच्या किडनीचं काय होतं, हे नीट तपासून पाहण्यासारखं आहे. मात्र याच वर्गातली द्रव्यं दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतली तर नुकसान होतं, आणि जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर दुखऱ्या किडनीला ते अजिबात सोसत नाही.

तिसरी आपली दारुहळद. चीनमध्ये ह्वांगल्येन नावाच्या वेगळ्याच वनस्पतीच्या मुळात जे पिवळं, कडू बर्बेरिन सापडतं, तेच दारुहळदीच्या खोडात आणि मुळात आहे. चीनमध्ये बर्बेरिन जुलाबावरचं साधं औषध म्हणून दुकानात मिळतं. २००८ साली शांघायच्या डॉक्टरांनी नव्यानं मधुमेह झालेल्या ३६ जणांवर तीन महिन्यांची चाचणी केली. अर्धा ग्रॅम बर्बेरिन दिवसातून तीनदा घेणाऱ्यांची साखर मेटफॉर्मिनच्या तोडीनं उतरली. बर्बेरिनचं कोडं असं, की तोंडानं घेतल्यावर त्याचा एक टक्काही रक्तात पोहोचत नाही. मग ते काम कसं करतं? एक उत्तर आतड्यातल्या जिवाणूंकडे आहे. ते त्याचं रूप बदलतात, बदललेलं रूप भिंतीतून सहज आत शिरतं आणि पलीकडे जाऊन पुन्हा बर्बेरिन होतं. किडनीवरचा त्याचा परिणाम मुख्यतः उंदरांमध्ये पाहिला गेला आहे. माणसांत मात्र एक गोष्ट पक्की दिसली आहे. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी बर्बेरिन घेतलं तर सायक्लोस्पोरिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कारण ते औषध मोडणाऱ्या यकृतातल्या विकराला बर्बेरिन अडवतं. प्रत्यारोपण झालेल्या माणसानं दारुहळदीचा काढा घेणं ही घरगुती बाब राहत नाही, तो औषधाच्या मात्रेतला फेरफार ठरतो.

आता ज्याची मला सर्वांत जास्त आशा वाटते ते सांगते. ह्वांगची हे मूळ चिनी स्वयंपाकघरात सूपमध्ये घालतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी मधुमेह, मध्यम टप्प्यातला किडनीचा आजार आणि लघवीत भरपूर अल्ब्युमिन असलेले ११८ रुग्ण निवडले. नेहमीची औषधं सगळ्यांना चालू ठेवली आणि अर्ध्यांना जोडीला हे मूळ ४८ आठवडे दिलं. ज्यांना दिलं त्यांच्या किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेची घसरण वर्षाला ४.६ एककांनी कमी झाली. लघवीतल्या अल्ब्युमिनमध्ये मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. चाचणी लहान आहे, आणि कोणाला काय दिलं आहे हे डॉक्टरांना आणि रुग्णांनाही ठाऊक होतं. तरीही तिची बांधणी मला आवडते: चालू उपचार काढून घेतले नाहीत, खऱ्या रुग्णांत जवळजवळ वर्षभर पाहिलं, आणि जे दिसलं नाही तेही लपवलं नाही.

भेंडीच्या कुळातल्या एका फुलाचीही अशीच गोष्ट आहे. आपल्या सह्याद्रीत जिला रानभेंडी म्हणतात तिच्या पिवळ्या फुलांच्या अर्काची कॅप्सूल चीनमध्ये ह्वांगक्वे नावानं विकली जाते. गाळण्यांच्या दाहाच्या ४१७ रुग्णांमध्ये लोसार्टनच्या जोडीला तिची चाचणी झाली, २६ रुग्णालयांत. प्रथिन कमी झालं. मधुमेही रुग्णांमध्येही इर्बेसार्टनसोबत ती वापरून पाहिली गेली आहे. भेंडी रात्रभर भिजवून तिचं पाणी सकाळी पिणारे अनेक जण समोर बसले असतील. त्यांना सांगते, हा अर्क फुलांचा आहे, ठरलेल्या मात्रेचा आहे, आणि भाजीच्या भेंडीच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडता येणार नाही.

आता मला सर्वांत जास्त वेळ ज्यावर द्यायचा आहे त्या घटनेकडे येते. ब्रुसेल्स, बेल्जियम. वजन कमी करण्याच्या एका केंद्रात वर्षानुवर्षं एक मिश्रण दिलं जात होतं. मे १९९० मध्ये त्यात दोन चिनी वनस्पतींची भर पडली. दोन वर्षांत तिथल्या किडनीतज्ज्ञांकडे तरुण बायका येऊ लागल्या. मधुमेह नाही, रक्तदाबाचा मोठा इतिहास नाही, आणि किडन्या महिन्यागणिक आकसत चाललेल्या. व्हानहर्वेगेम आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे मांडलं. तपासात असं निघालं की पावडरीत हवी होती स्टेफानिया, चिनी नाव हान फांगची. आलेली होती अरिस्टोलोकिया, नाव ग्वांग फांगची. नावं इतकी जवळची की व्यापाराच्या साखळीत कुठेतरी एकाच्या पोत्यात दुसरी भरली गेली. अरिस्टोलोकियातलं अरिस्टोलोकिक आम्ल किडनीच्या नलिकांच्या पेशी स्वतःहून आत ओढून घेतात. आत गेल्यावर ते डीएनएला चिकटतं. शंभरहून अधिक रुग्ण या एका प्रकरणात सापडले. आणि तेवढ्यावर थांबलं नाही. ज्यांच्या किडन्या संपल्या त्यांच्यातल्या ३९ जणांनी निकामी किडन्या आणि मूत्रनलिका काढून टाकायला संमती दिली, तेव्हा १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. २००० सालची ही नोंद वाचताना आजही माझा हात थांबतो.

हेच आम्ल पुढे दुसऱ्या एका जुन्या कोड्याचं उत्तर ठरलं. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, बल्गेरिया, रोमानिया इथल्या काही खेड्यांत पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांच्या किडन्या जात होत्या. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या अरिस्टोलोकियाच्या बिया कापणीच्या धान्यात मिसळत आणि पिठात उतरत. तैवानमध्ये तर १९९७ ते २००३ या काळात सुमारे एक तृतीयांश लोकांना अशी वनस्पती असलेली औषधं लिहून दिली गेली होती. तिथे २००३ साली बंदी आली. आपल्याकडेही याच कुळातली ईश्वरी ही वेल आहे आणि खेड्यापाड्यांत तिचं मूळ अजून औषध म्हणून उगाळलं जातं. तिच्यातही हे आम्ल आहे. ते देणारा माणूस भल्या मनानं देत असतो, म्हणूनच त्याच्यापर्यंत ही माहिती पोहोचवणं आपलं काम आहे.

वनस्पतीची ओळख बरोबर असली तरी मात्रा चुकू शकते. कोकणात आणि गोव्यात बिमलीचा रस कोलेस्टेरॉलसाठी पिण्याची टूम अधूनमधून येते. केरळात असा ताजा, दाट रस प्यायल्यानं दहा जणांच्या किडन्या अचानक बंद पडल्याची नोंद २०१३ साली झाली. त्यातलं ऑक्झलेट किडनीत स्फटिक होऊन बसलं होतं. आमटीत दोन बिमल्या टाकणं वेगळं आणि पेलाभर रस पिणं वेगळं.

वनस्पतीची ओळख पटली, मात्रा ठरली, रेणू शुद्ध मिळाला, म्हणजे सुटलो असंही नाही. ओलिॲनोलिक आम्ल आपल्या लवंगेत आहे, ऑलिव्हच्या पानांत आहे, आणि चिनी वैद्यकातल्या न्यूझेनझी या फळातही आहे. त्यावरून घडवलेल्या बार्डोक्सोलोन या औषधानं मधुमेही रुग्णांची गाळण्याची क्षमता खरोखर वाढलेली दिसली. सगळे हरखले. मग २,१८५ रुग्णांची मोठी चाचणी सुरू झाली आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांना हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागत होतं. रिपोर्टवरचा आकडा सुधारला होता आणि माणूस खालावला होता. चिनी वनौषधींवरच्या शेकडो शोधनिबंधांत मला हीच भीती वाटते. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून काही दिवसांत मधुमेही केलेला उंदीर, आठ-दहा आठवडे औषध, दाहाच्या चार प्रथिनांची मोजणी आणि शेवटी बाणांनी भरलेली एक सुंदर आकृती. साठ वर्षांचा, पंधरा वर्षं मधुमेह असलेला, रक्तदाब आणि हृदयविकार सोबत घेऊन जगणारा माणूस त्या आकृतीत कुठेच नसतो. उंदराला दिलेली मात्रा माणसाच्या वजनाला लावली तर कित्येकदा मूठमूठ पावडर खावी लागेल.

याचा अर्थ संशोधन थांबवावं असा मी अजिबात काढत नाही. मुंबईत १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा दिलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा अभ्यास ब्रिटनच्या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक असलेलं मूळ जगभर गेलं, कारण त्यांनी रुग्ण मोजले, रक्तदाब मोजला आणि दुष्परिणामही लिहिले. पुढे त्यातल्या रेसर्पीननं काही जणांना नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या, मात्रा बदलल्या, नवी औषधं आली. ज्या बिबळ्याच्या लाकडी पेल्यातलं पाणी आपल्याकडे मधुमेही पितात, त्याचीही आयुर्विज्ञान परिषदेनं चाचणी केली होती. म्हणजे हे काम आपल्या मातीत झालेलं आहे.

मला मधुमेही किडनीसाठी तशी एक चाचणी महाराष्ट्रात झालेली पाहायची आहे, आणि आशा ह्वांगचीची जास्त असली, तरी त्यासाठी मी आपली दारुहळद निवडेन. एका जागी लावलेली, वनस्पतिशास्त्रज्ञानं नमुना जपून ओळख पटवलेली, प्रत्येक घाण्यात बर्बेरिनचं प्रमाण मोजलेलं. प्रत्यारोपण झालेले, गर्भवती आणि खूप पुढच्या टप्प्यातले रुग्ण बाजूला ठेवायचे. उरलेल्यांची लोसार्टन आणि ग्लिफ्लोझिन चालूच राहतील. निम्म्यांना दारुहळद, निम्म्यांना तितकीच कडू आणि पिवळी, पण निष्क्रिय पावडर. कोणाला काय मिळतंय ते ना त्यांना कळेल ना आम्हाला. दोन वर्षं पाहायचं: लघवीतलं अल्ब्युमिन तर हवंच, पण गाळण्याची क्षमता कशी घसरते, किती जण डायलिसिसपर्यंत पोहोचतात, यकृत आणि हृदय कसं राहतं, हेही. वैद्य त्या गटात बरोबरीनं बसलेले असावेत, कारण कोणाला हे द्रव्य सोसणार नाही याची त्यांची जाण आमच्याकडे नाही. निकाल काहीही लागला तरी तो मराठीतही छापला जावा.

तोवर ओपीडीतल्या त्या सुनेला माझं उत्तर असं आहे. सासऱ्यांची लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी दरवर्षी करून घ्या. लोसार्टन किंवा ग्लिफ्लोझिन यापैकी कोणतं सुरू आहे ते मला सांगा, नसेल तर का नाही ते आपण पाहू. आणि जे झाडपाल्याचं द्यायचं मनात आहे, किंवा दिलं जात आहे, त्याची बाटली, पुडी, चिठ्ठी जे असेल ते घेऊन या. मी रागावणार नाही. त्यात काय आहे ते आपण मिळून वाचू, आणि ज्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही ते बाजूला ठेवू.

कार्यकर्त्यांनी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आणून दिल्या आहेत. पहिल्याच चिठ्ठीत मेथीच्या दाण्यांविषयी विचारलं आहे. तिथून सुरुवात करू.